पदनाम निवडताना

जळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. इथल्या एमआयडीसीतील ठिबक संचांच्या कारखान्याने तुला ‘कंटेंट रायटर’ हे पद देऊ केले आहे आणि पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने ‘डॉक्युमेंटेशन इंजिनिअर’. दुसरे नाव भारदस्त म्हणून तुझा कल तिकडे दिसतो. त्या नावाखाली रोज काय करावे लागेल, हे आधी विचारून घे. असे पद देणाऱ्यांची बहुधा अपेक्षा असते की मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी करण्याच्या पद्धतीत) लिहून गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवावा आणि त्यातून संकेतस्थळ तयार करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅमही सांभाळावेत. हे शिकण्याची तयारी असेल तर जरूर जा. पण तिथे केवळ वर्डमधली मॅन्युअल दुरुस्त करायची असतील, तर पुढच्या मुलाखतीत ‘इंजिनिअर’ या शब्दाचा जाब तुलाच द्यावा लागेल.

कारखान्याचे काम मला मनापासून मोलाचे वाटते. फिल्टर केव्हा धुवावा, व्हेंचुरीतून (पाण्याच्या ओघात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) खत कसे सोडावे, ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) क्षारांनी चोंदले तर आम्लप्रक्रिया कशी करावी, हे रावेर-यावलच्या केळीउत्पादकाला वाचून बिनचूक करता आले पाहिजे. आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, ही सूचना कृतीच्या आधी छापली नाही तर माणूस भाजतो. हे अस्सल टेक्निकल रायटिंग, म्हणजे यंत्र कसे वापरावे हे समजावणारे लेखन आहे, आणि म्हणूनच त्याला ‘कंटेंट रायटर’ म्हणणे मला खटकते. ते नाव आपल्याकडे जाहिराती आणि ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी रुळले आहे. काही वर्षांनी भरती करणारे तुला त्याच कामासाठी बोलावतील.

डॉक्टर-वकिलांसारखी आपल्या या लेखन-व्यवसायातल्या पदनामांची नोंदणी कोणतीही परिषद करत नाही. अमेरिकेत 1953 पासून चालत आलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या व्यावसायिकांची संघटना 2025 मध्ये बंद झाली, तरी तेथील सरकारी व्यवसाय-यादीत आजही ‘टेक्निकल रायटर’ हेच नाव आहे आणि नोकरी शोधताना तेच उपयोगी पडते. कारखान्याकडे नेमणूकपत्रात तेच लिहून माग, आणि सही करण्यापूर्वी माग. रुजू झाल्यावर पगाराची श्रेणी, बढती आणि अनुभव प्रमाणपत्र, सारे जुन्या नावाला जोडले जाते.

त्यांनी नकार दिला आणि तरीही तू तिथे गेलास, तर बायोडेटात अधिकृत पदनाम जसेच्या तसे ठेव, कारण पडताळणीत ते तपासले जाते. खालच्या ओळीत मात्र कोणत्या यंत्राचे मॅन्युअल कोणासाठी लिहिलेस, हे स्पष्ट नोंदव.