वाचक विचारतात : फळा पुण्यात, माणसं म्युनिकमध्ये

प्रश्न : ताई, आमच्या ऑर्डर-सिस्टिमच्या आर्किटेक्चरचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेचं, मूल्यमापन करायचंय. आर्किटेक्ट आणि डेव्हलपर पुण्यात, ग्राहकाची माणसं म्युनिकला. सगळ्यांना दोन दिवस एका खोलीत बसवणं परवडत नाही. कॉलवर जमेल का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : जमतं. पण खोलीतली बैठक उचलून कॉलवर ठेवली की फसते. पहिल्या खेपेला आम्ही लॅपटॉपचा कॅमेरा फळ्याकडे वळवून चार तास बोललो. पलीकडच्यांना फळ्यावर ट्यूबलाइटची पट्टी तेवढी दिसत होती. बिचारे ‘यस, यस’ म्हणत राहिले. सिस्टिमनं कोणत्या प्रसंगी नेमकं कसं वागावं, हे सांगणाऱ्या ‘सिनारिओं’वर तर सगळं मूल्यमापन उभं. शेवटी यादीतले सगळे सिनारिओ आमचेच!

कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटची आर्किटेक्चर तपासण्याची ‘एटॅम’ पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच. तिच्या नऊ पायऱ्यांपैकी सिनारिओ गोळा करणं कॉलवर करूच नका. सामायिक फाइल तीन दिवस उघडी ठेवा; ज्यानं त्यानं आपापल्या वेळेला, नाव न घालता लिहावं. ‘सिस्टिम फास्ट हवी’ हा सिनारिओ नव्हे. ‘सेलच्या सकाळी पाचपट ऑर्डरी आल्या तरी 2 सेकंदांत पोच मिळावी’, हा झाला सिनारिओ. कॉलवर कधी तोंड न उघडणाऱ्या आमच्या एका सपोर्टवाल्यानं लिहिलं होतं : ‘रात्री 2 ला पेमेंट बंद पडलं तर कुणाला उठवायचं हे लॉगवरून 10 मिनिटांत कळलं पाहिजे.’ पुढे महत्त्वाचे सिनारिओ निवडताना सगळ्यात जास्त मतं त्यालाच पडली.

ऑस्ट्रेलियात अली बाबर, बार्बरा किचनहॅम आणि रॉस जेफरी या संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट घेऊन हेच तपासलं. लांबून, टूलवर काम केलेल्या गटांचे सिनारिओ समोरासमोर बसलेल्यांपेक्षा सरस निघाले. गंमत म्हणजे, बहुतेकांची पसंती तरीही समोरासमोर बसण्यालाच.

ही निवड करायला प्रत्येकाला मतं सिनारिओंच्या साधारण 30 टक्के द्या : 40 सिनारिओ, तर माणशी 12. सगळ्यांची पडेपर्यंत झाकून ठेवा, नाहीतर साहेबांचं मत दिसलं की बाकीची तिकडेच जातात.

कॉल राखा तो ओढाताणीसाठी, म्हणजे एक गुण वाढवताना दुसरा घटतो तिथल्या वादासाठी. कॅश (पटकन मिळावी म्हणून हाताशी ठेवलेली माहितीची प्रत) वाढवली की वेग येतो, पण मालाच्या साठ्याचा आकडा शिळा दिसतो. हे भांडण लिहून मिटत नाही. एका वेळी दोनच तास. म्युनिकचे सकाळचे 10 म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, तेव्हा आधी जेवून घ्या. पुणेकरांनीही एका खोलीत न जमता आपापल्या लॅपटॉपवरूनच बसायचं.

आणि एक लेखनिक नेमा. निघालेली प्रत्येक जोखीम त्यानं सगळ्यांच्या स्क्रीनवर तिथल्या तिथे टाइप करायची, म्हणजे चूक असेल तर लगेच हरकत येते. फक्त हे काम आर्किटेक्टला देऊ नका. आपल्याच डिझाइनच्या जोखमी तो फार मवाळ शब्दांत लिहितो. मीही लिहायचे.