जुळत नाही तिथे थांब

प्रिय मित्रा,

इटालियन चित्रकार बोटिचेल्लीच्या ‘ल्युक्रेशियाची कथा’ या चित्रावरचा तुझा मसुदा वाचला. चार पानांपैकी साडेतीन पानं रोमन इतिहासकार लिव्हीची. राजपुत्र तार्क्विनची ल्युक्रेशियावर जबरदस्ती, तिची आत्महत्या, ब्रूटसचं राजाविरुद्ध बंड, हे सगळं लिव्हीच्या पहिल्या पुस्तकात ५७ ते ६० या प्रकरणांत आहेच. त्यासाठी चित्र कशाला हवं? अर्थ कुठून काढायचा, असं विचारतोस. चित्र आणि मजकूर जुळत नाहीत तिथून.

कागदावर दोन रकाने कर. आधी चित्राचा भर: जागा, वेळ, माणसं, वस्तू. लिव्ही नंतर उघड, नाहीतर वाचलेलंच दिसायला लागतं. एकाच लाकडी फळीवर तीन प्रसंग आहेत आणि ल्युक्रेशिया तीनदा येते, हेही आधी ओळखून ठेव.

आता ताडून बघ. लिव्हीकडे रात्र आणि शयनगृह. बोटिचेल्ली तार्क्विनला भर उजेडात, दाराबाहेर आणतो. लिव्हीचा ब्रूटस जखमेतला सुरा उपसून त्यावर शपथ घेतो. इथे प्रेत चौकात आलंय, ब्रूटस बोलतोय, तरी सुऱ्याची मूठ छातीवरच आहे. माझ्या मते ती जमावाला दिसावी म्हणूनच. आणि ब्रूटसच्या वर, खांबावर, राक्षसी गोलियाथला मारणारा डेव्हिड! रोमच्या कथेत बायबलचा डेव्हिड काय करतोय? डाव्या दारावरच्या उठावशिल्पात शत्रूच्या सेनापतीचं डोकं उडवणारी ज्युडिथ आहे, तीही लिव्हीत नाही. १४९४ मध्ये सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला बोटिचेल्लीच्या फ्लोरेन्स शहराबाहेर काढलं आणि पुढच्या वर्षी शिल्पकार दोनातेल्लोचे डेव्हिड आणि ज्युडिथ हे पुतळे त्यांच्या वाड्यातून नगरसभेच्या वाड्यात आणले. चित्र साधारण १५०० चं. काही कळतंय?

पण लगेच ‘हे राजकीय चित्र’ असं ठोकून देऊ नकोस. ही स्पालिएरा, म्हणजे घरातल्या भिंतीच्या लाकडी आवरणात खांद्याच्या उंचीला बसवायची फळी. ती वेस्पुच्ची घराण्यातल्या लग्नासाठी केली असावी, असं मानतात. तसं असेल तर नव्या सुनेसमोर रोज पातिव्रत्याचा धडा. मात्र ‘असावी’ हा शब्द गाळू नकोस: कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी त्या घरातल्या अक्रोडाच्या चौकटींतल्या चित्रांबद्दल लिहितो, पण ल्युक्रेशियाचं नाव घेत नाही. दोन्ही अर्थ मांड आणि प्रत्येकाला चित्रातला पुरावा दे. सुनेला धडाच द्यायचा, तर मधली सगळ्यात मोठी जागा सैनिकांना का दिली? इथेही जुळत नाही, इथेही थांब.

मला हेकट म्हणतात, म्हणोत. चित्राखाली कथेचा सारांश चिकटवून त्याला रसग्रहण म्हणणारे लेख इतके झालेत, की कुणीतरी हेका धरायलाच हवा.

फळी जवळपास ८४ बाय १७७ सेंटिमीटर आहे. फोनवर तिची पट्टी होते आणि उठावशिल्पं म्हणजे नुसते डाग वाटतात. बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयाची मोठी प्रतिमा घे, तुकड्या-तुकड्यांनी बघ. मग हिची जोडीदार ‘व्हर्जिनिया’, ती बेर्गामोत आहे, तिच्यासाठीही दोन रकाने कर. पुढच्या मसुद्यात लिव्ही अर्ध्या पानात आवर.

तुझा,
सर