सगळं चांगलंच करतेय, तरी चिडचिड का होते?

चाळिशीतल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्षभरापूर्वी त्यांनी निसर्गाला धरून जगायचं ठरवलं. पहाटे साडेचारला उठणं, सोमवार आणि एकादशी दोन्ही उपास, प्लास्टिक बंद, गॅलरीत कंपोस्ट. आता कंपोस्टच्या वासावरून सासूबाई कुरकुरतात आणि उपासाच्या दिवशी मुलं आईच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत.

मी त्यांना आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगितली: पाठ कधी टेकली, कधी उठल्या, काय खाल्लं, डोकं कधी दुखलं. पहाट अलीकडे आली होती, रात्र मात्र साडेअकरालाच अडकलेली. झोप जेमतेम पाच तास. लवकर उठू पाहणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं.

कशाचाही अतिरेक न करता प्रमाणात जगण्याला आपल्याकडे ‘युक्त’ हा नेमका शब्द आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात (श्लोक १६-१७) अति खाणं नाकारलंय, तसंच मुळीच न खाणंही. अति झोप नको, अति जागरणही नको. ज्ञानेश्वरीत याच जागी मोजकं बोलणं, मोजकं चालणं आणि झोपेलाही वेळेवर मान देणं येतं. संयमाचाही अतिरेक होतो, हे बाईंनी कधी मनात आणलंच नव्हतं.

आधी झोप. मुलांचं जेवण, डबे, दप्तरं यांमुळे रात्र एकदम मागे येईना, म्हणून उठणं सहावर नेलं. मग दर चार दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे, साडेदहापर्यंत. (वेळ असूनही आठवड्यात तीन-चार रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर डॉक्टरांकडेच जावं.) सोमवारचा उपास सोडला; डोकेदुखीच्या बहुतेक नोंदी त्याच दिवशीच्या होत्या.

कंपोस्टच्या वासाचं कारण साधं होतं: डब्यात नुसता ओला कचरा. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या सुका पाला, आठवड्यातून दोनदा उलथापालथ. मूठभर माल दाबला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला आणखी घालायचा.

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटू लागलं, तशी बाईंनी घरीच साबण करायची यादी काढली. हीच खरी निसरडी जागा. जुनी सवय सलग तीन आठवडे ओढाताणीशिवाय चालल्याखेरीज नवी घ्यायची नाही, असं ठरलं. साबण राहिला. कंपोस्टचा डबा आता सासूबाईच हलवतात.