‘नोव्हेनाचा एक दिवस चुकला, आता काय होईल?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्या माणसाने तोंड उघडण्याआधीच तो मला चेहऱ्यावर दिसतो. कुणाचा नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, एक दिवस चुकलेला असतो. कुणाकडून मोबाइलवर आलेली प्रार्थना नऊ जणांना पाठवायची राहून गेलेली असते. कुणाला एखाद्या प्रार्थनागटात सांगितलेलं असतं की तुमच्या घराण्यावर शाप आहे. ही माणसं अडाणी नसतात. बँकेत, शाळेत, इस्पितळात नोकरी करणारी असतात, चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारी असतात. म्हणूनच एकीची गोष्ट लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण लीना म्हणू.

लीना मरोळकडच्या एका गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली. नवऱ्याची कंपनी बंद पडून वर्ष उलटलेलं, मुलगा बारावीला नापास. ती आली मात्र झोपेची तक्रार घेऊन.

“झोपायच्या आधी काय करता?” मी विचारलं.

“तीन रोझऱ्या, अख्ख्या जपमाळा. मग स्तोत्र एक्याण्णव, सात वेळा. मग चारी कोपऱ्यांत आशीर्वादित मीठ टाकते. थोडं मुलाच्या बॅगेतपण.”

“आणि हे सगळं झाल्यावर कसं वाटतं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “पेपर देऊन आल्यासारखं. एखादा प्रश्न सोडवायचा राहिला असेल, असं वाटत राहतं.”

त्या वेळी तिची एक नोव्हेना चालू होती. सातव्या दिवशी पावसात लोकल रखडली, घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले, म्हणून तिने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. असं किती वेळा झालं, असं विचारलं तर म्हणाली, “अकरा.”

नोव्हेनाचे नऊ दिवस आले कुठून, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रेषित आणि मारिया माता एकत्र प्रार्थना करत राहिले, ते हे दिवस. वाट पाहण्याचे दिवस आहेत ते. त्यात कसला हिशेब आला? माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. तिथे अर्धी माणसं कामावरून धावत, धापा टाकत पोचतात. उशिरा आलेल्याला कुणी हाकलून देत नाही.

तिसऱ्या भेटीत तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वंशवृक्ष होता. घरी प्रार्थना घेणाऱ्या एका बाईंनी तो तिला काढायला लावला होता आणि काही नावांभोवती लाल वर्तुळं केली होती. घराण्यातली पापं म्हणे इथून खाली उतरली, ती एकेक करून तोडायची. पाच बैठका झाल्या होत्या, प्रत्येक वेळी पाकीट द्यायचं.

“फादरना दाखवलंत हे?”

“नाही. त्या म्हणाल्या, फादरना सांगू नका, त्यांना हे वरदान नाही, ते समजून घेणार नाहीत.”

या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. संत इग्नेशियस लोयोलांनी बऱ्यावाईट प्रेरणा ओळखण्याचे नियम लिहून ठेवले आहेत. त्यात एक दाखला आहे. वाईट प्रेरणा खोट्या प्रियकरासारखी वागते, तिला सगळं गुपचूप हवं असतं. मुलीने बापाला सांगितलं की त्याचा डाव संपला. पाचशे वर्षांपूर्वीच्या या माणसाइतकी मनाची ओळख मला अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून क्वचितच झाली. माझा कल कुठे आहे हे वाचकांना कळलंच असेल, आणि मी तो लपवतही नाही.

घराण्याच्या शापाबद्दल चर्चची शिकवण मी तिला सांगितली. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने त्याच्याही कित्येक शतकं आधी, अठराव्या अध्यायात सांगितलंय. पूर्वजांची पापं ‘बरी करणाऱ्या’ अशा प्रार्थनांविरुद्ध पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्ये आणि स्पेनच्या बिशपांनी २०२४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. भूत काढण्याचा विधी तर बिशपांच्या खास परवानगीशिवाय धर्मगुरूलाही करता येत नाही, मग दिवाणखान्यात बसलेल्या बाईंना कुठून येणार?

लीनाने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात सहाव्या बैठकीला जाऊन आली.

मला त्याचा राग आला नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकलेय की भीतीला पुरावे देऊन उपयोग नसतो. ती सगळे पुरावे ऐकून घेते आणि जागची हलत नाही. तिच्याशी दुसऱ्याच दाराने बोलावं लागतं.

“लहानपणी तुमच्या घरी प्रार्थना कोण घ्यायचं?” मी विचारलं.

तिचा चेहराच बदलला. “आजी! मे महिन्यात क्रूसापुढे. सगळी आळी जमायची. नंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे. आम्ही पोरं चण्यांसाठीच जायचो.”

मरोळ, वाकोला, कुर्ला, कुठल्याही जुन्या गावठाणात जा, असे क्रूस दिसतील. त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या काळातले. मरण दारात उभं असताना लोकांनी ते बांधले. भीतीतूनच बांधले, हे खरं. पण ती भीती घेऊन लोक एकमेकांजवळ आले, एकत्र बसले.

“आजीची रोझरी मध्येच कधी थांबायची का?”

लीना हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. “सारखी! ‘अगं, दूध उतू जातंय बघ’, म्हणून ओरडायची आणि परत तोच मणी पुढे.”

“मग पुन्हा पहिल्यापासून?”

“छे! आजीचा देव...” ती थांबली. बराच वेळ थांबली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच काम असतं, आणि ते मला जमायला दहा वर्षं लागली. “आजीचा देव स्वयंपाकघरात यायचा. माझा परीक्षेच्या हॉलमध्ये बसलाय.”

मग तिने स्वतःच पर्समधला कागद काढला, मांडीवर पसरला आणि बोट एका नावावर ठेवलं. लाल वर्तुळ. आजीचं नाव. आजीने कधीतरी बाळाला दृष्ट लागू नये म्हणून दाईकडून काळा दोरा बांधून घेतला होता, म्हणून शाप म्हणे तिच्यापासून सुरू झाला.

“मॅडम, जिने मला क्रूसाची खूण करायला शिकवली, तिच्याच नावाला मी सहा महिने शाप म्हणतेय.” आणि ती रडली.

शिकवणीने जे झालं नाही ते आजीने केलं. तेव्हापासून कुणी विचारलं की ही प्रार्थना खरी की खोटी, तर मी आधी विचारते, ही केल्यावर तू घरच्यांच्या जवळ येतेस की लांब जातेस? अॅव्हिलाची संत तेरेजाही प्रार्थनेची पारख दृष्टान्तांवरून करत नाही, शेजाऱ्यावरचं प्रेम वाढलं का यावरून करते. ज्या प्रार्थनेनंतर नणंदेवर, जावेवर, मेलेल्या आजीवर संशय येऊ लागतो, तिच्यात काहीतरी बिघडलंय.

याचा अर्थ मीठ, मेणबत्ती, नवस सगळं टाकून द्या, असा नाही. बांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याचा हात दुखतो त्याला शब्द सापडत नाहीत, मेण बोलतं. पण ‘वाहिलं नाही तर माउली कोपेल’ हे मनात आलं की तिथे सौदा सुरू झाला. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात हेच सांगितलंय. मनाचा भाव बाजूला ठेवून नुसत्या बाहेरच्या क्रियेला सामर्थ्य चिकटवणं म्हणजे अंधश्रद्धा, मग शब्द कितीही पवित्र असोत. पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या करिझ्मॅटिक प्रार्थनागटांनाही मी नावं ठेवत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या त्या चळवळीने मुंबईतल्या कितीतरी घरांत बायबल उघडलं. गट चांगला असेल तर त्याला फादरांचं वावडं नसतं, आणि तो तुमच्या गोळ्या बंद करायला सांगत नाही.

गोळ्यांचं मुद्दाम लिहितेय. लीनाची झोप आणि पुन्हापुन्हा मोजण्याची सवय पाहून मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिने काही महिने औषध घेतलं. देवावर भरवसा असलेल्या माणसाने औषध घ्यायचं नाही, असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

घरी करायला मी तिला एकच गोष्ट दिली होती. एकच रोझरी, आणि ती मुद्दाम मध्येच थांबवायची. पहिल्या रात्री तिचे हात थरथरले, तिसऱ्या रात्री कमी.

कागद तिने स्वतः फादरना नेऊन दाखवला. ते रागावले नाहीत. पुढच्या शनिवारी घरी आले, घराला आशीर्वाद दिला, चहा घेतला, मुलाशी अर्धा तास फुटबॉलवर बोलले. नवऱ्याला अजून नोकरी नाही. या मे महिन्यात क्रूसापुढे चणे उकडण्याची पाळी लीनाच्या घरची होती, आणि दोन किलो पुरतील का, म्हणून तिने मला फोन केला होता.