डुकरांची पिल्लं मोजण्यात कमीपणा कसला?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे तिला वराहांच्या प्रजननगुणांची आनुवंशिकी शिकायचीय आणि तुम्हाला वाटतं की तिनं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढावा. "नातेवाइकांना काय सांगू, मुलगी डुकरांची पिल्लं मोजते म्हणून?" हे तुम्ही तीनदा लिहिलंय. तिचे गुण एका ओळीत आले. तिला काय वाटतं, हे मात्र कुठेच नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून सांगितलीत. एक डुकरीण विताना ती रात्रभर गोठ्यात बसली. कुठलं पिल्लू किती मिनिटांनी आलं, किती भरलं, सगळं वहीत लिहिलं. 14 पिल्लं, त्यातली शेवटची दोन मेलेली. मोठ्या वेतात उशिरा येणारी पिल्लंच जास्त दगावतात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी टिपलं. मला यात तक्रारीजोगं काही दिसत नाही, मला तर त्या वहीचं कौतुक वाटतं.

वेतातल्या पिल्लांच्या संख्येची हेरिटेबिलिटी, म्हणजे त्यातल्या फरकातला आनुवंशिक वाटा, जेमतेम 10 टक्के, म्हणजे या विषयात करण्यासारखं काही उरत नाही, असंही तुम्ही म्हणता. हा समज साफ चुकीचा आहे. डुकरिणी-डुकरिणींत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे दहावा भाग पुढच्या पिढीत उतरतो. बाकीचा खाणं, निगा, कितवं वेत यावर जातो. पण मुळात तो फरकच मोठा असतो. एकीला 8 पिल्लं होतात, दुसरीला 16. त्यामुळे पैदाशीसाठी कुठली जनावरं ठेवायची, या निवडीला भरपूर वाव राहतो. फक्त एका वेतावर भरवसा ठेवून चालत नाही; आई, बहिणी, मुली यांच्या नोंदी आणि आता डीएनएही जोडून पाहावं लागतं. नर तर वीतच नाही, त्याची पारख नात्यातल्या माद्यांवरूनच होते. डेन्मार्कमध्ये आधी जन्मणाऱ्या एकूण पिल्लांवर निवड चालायची. पिल्लं वाढली, तशी मरणारीही वाढली. म्हणून 2004 पासून तिथे पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्लं मोजून निवड सुरू झाली. तुमच्या मुलीची वही याच प्रश्नापाशी येऊन थांबलीय.

वाट सरळ आहे: पशुप्रजनन व आनुवंशिकीत पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडी किंवा पैदास कंपनीत काम. प्रवेशपरीक्षेची तयारी ती करेल.

तिला विचारायचंच असेल, तर संख्याशास्त्र आवडतं का, हे विचारा. या कामात गोठ्यापेक्षा आकड्यांच्या तक्त्यांसमोर जास्त वेळ जातो. त्याचा कंटाळा असेल, तर हा विषय मीच तिला घेऊ देणार नाही. प्रजननाच्या दवाखानी बाजूकडे वळ म्हणेन. पण हे तिच्याशी बोलल्याशिवाय ठरवता येणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि त्या रात्रीच्या वहीची पानंही सोबत पाठवायला सांगा.