आठवीच्या मुलांना अमेरिकेतला १९३० च्या दशकातला 'डस्ट बोल' (दुष्काळ आणि धुळीच्या वादळांचा काळ) दोन तासिकांत कसा शिकवावा? कोणती अॅक्टिव्हिटी घ्यावी?

कोणतीही घ्या, फक्त "तू १९३५ सालच्या शेतकऱ्याचा मुलगा आहेस, डायरी लिही" ही नको.

मी टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये शिकवते, म्हणजे धुळीच्या ऐन मुलखात. आमच्या विभागप्रमुख बाईंचा या डायरीवर भारी जीव. सगळ्या वह्यांत तेच: आभाळ काळं झालं, आई रडली, आम्ही कॅलिफोर्नियाला निघालो. अहो, बहुतेक लोक कुठे गेलेच नाहीत! माझ्या वर्गात त्या न गेलेल्यांचीच पणतवंडं बसतात. मीटिंगमध्ये हे बोलले तर बाई म्हणतात, "तू इंडियातली, तुला हे दुःख जास्त कळायला हवं." डोकंच फिरलं.

माझी आई मराठवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलीय. विचारलं तर रडण्याचं एक अक्षर सांगत नाही. हजेरी कोण मांडायचं, सुकडी घशाखाली कशी उतरायची नाही, ते सांगते.

म्हणून मी पोरांना त्या काळातलं घरकामच करायला दिलं. तेव्हा लोक जेवायला बसेपर्यंत ताटं पालथी ठेवायचे, खिडक्यांना ओल्या चादरी लावायचे. वादळात स्थिर वीज साठून मोटारी बंद पडायच्या, म्हणून मागे जमिनीवर घासणारी साखळी सोडायचे. मार्चात आमच्याकडे वारा सुटतोच. पोरांनी रात्री खिडकीच्या फटीत ओला रुमाल लावला आणि सकाळी वर्गात आणला. एका रुमालावर फटीएवढीच सरळ तांबूस रेघ होती. पोरं बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत होती.

मग गव्हाचा भाव. पहिल्या महायुद्धात बुशेलला (धान्याचं अमेरिकी माप) २ डॉलरच्या वर, १९३१-३२ ला ४० सेंटच्या आसपास. भाव पडला तसं कर्ज फेडायला लोकांनी आणखी कुरण नांगरलं. माती धरून ठेवणारं गवत गेलं, मग पाऊसही गेला. मे १९३४ मध्ये उत्तरेकडच्या मैदानी राज्यांतली धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५ चा 'ब्लॅक संडे', म्हणजे सगळ्यात भयंकर धुळीच्या वादळाचा रविवार, सगळेच शिकवतात. तेराच दिवसांनी मृदसंधारणाचा कायदा झाला आणि मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट त्यासाठीच्या खात्याचे प्रमुख झाले, हे कोणी सांगत नाही. बाई याला "निसर्गाचा कोप" म्हणतात. नांगर काय निसर्गाने धरला होता?

आता, दुष्काळ खोटा नव्हता, पाऊस पडता तर एवढं झालंच नसतं. शेतकऱ्यालाही खलनायक करू नका, नांगरा म्हणून जमिनी सरकारनेच वाटल्या होत्या. आणि पंख्यासमोर माती उडवायचा प्रयोग करणार असाल तर मैदानात करा, वर्गात दम्याची पोरं असतात.

डायरी लिहून घ्यायचीच असेल तर हिशेबाची वही द्या: गहू विकून किती आले, बँकेला किती गेले, पुढच्या बियाण्याला काय उरलं. आमच्या बाईंना तेही "फार गणिती" वाटलं.