बेत्सालेल : देवाच्या सावलीतला कारागीर

मागच्या खेपेला हिब्रू नावांवर लिहिताना बेत्सालेल हे नाव मी एका ओळीत उरकलं होतं. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. तेव्हा आजचं सदर या एकाच नावाला.

प्रश्न (अश्दोद, इस्रायल) : आम्ही मूळचे रोह्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सुनेचं माहेर अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंचं. मुलगा झाला तर तिच्या दिवंगत आजोबांचं बेत्सालेल हे नाव ठेवायचं चाललंय. आमच्या घराण्यात हे नाव कुणाचं ऐकलेलं नाही. नेटवर एके ठिकाणी अर्थ ‘देवाची सावली’ दिलाय, दुसरीकडे ‘कलाकार’. खरा कुठला?

दोन्ही नाहीत, पण पहिला अगदी दारापर्यंत येऊन चुकलाय. नावाचे तीन तुकडे पडतात : बे, त्सेल, एल. त्सेल म्हणजे सावली, एल म्हणजे देव. राहिला तो ‘बे’. हा ‘बे’ म्हणजे आपल्या सप्तमीचा ‘त’. घरात, गावात, तसं सावलीत. म्हणून अर्थ होतो ‘देवाच्या सावलीत’. देवाची सावली होणं म्हणजे देवाचंच एक रूप मिरवणं. देवाच्या सावलीत असणं म्हणजे त्याच्या आसऱ्याला असणं. मराठीत आपण ‘आजोबांच्या सावलीत वाढला’ म्हणतो, ‘आजोबांची सावली आहे’ म्हणत नाही. दुसऱ्या वाक्याचा अर्थच वेगळा होतो. स्तोत्रसंहितेतल्या ९१ व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत सर्वसमर्थाच्या सावलीत राहणाऱ्याचा उल्लेख येतो, तिथेही हेच ‘बेत्सेल’ आहे.

आणि सावलीचं नाव हे एकटंच नाही. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून गेला. त्याच्या कोरीव नोंदींत गाझाच्या राजाचं नाव सिल्लिबेल असं येतं. यातला ‘सिल्ल’ म्हणजे हाच ‘त्सेल’ आणि बेल हा तिकडचा देव. म्हणजे सावलीची नावं त्या सगळ्या मुलखात होती. उन्हाने भाजून निघणाऱ्या प्रदेशात सावलीइतकं मोठं वरदान दुसरं कुठलं असणार?

‘कलाकार’ हा अर्थ मात्र सरळ सरळ ढकललेला आहे. हे नाव ज्याचं होतं तो बायबलातला मोठा कारागीर होता, म्हणून कुणीतरी त्याचा धंदाच अर्थ म्हणून छापला. उद्या अर्जुन या शब्दाचा अर्थ ‘धनुर्धर’ म्हणून सांगाल का?

तुमच्या घराण्यात बेत्सालेल नसेल, पण ‘एल’ नक्की असणार. सॅम्युएल, एझिकेल, डॅनिएल, सगळ्यांत तोच आहे. गंमत अशी की कोकणात आपल्या लोकांनी नावं मराठी केली तेव्हा पहिला बळी या ‘एल’चाच गेला. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर गावकीत सामाजी हसाजी दिवेकर होते. देव गेला आणि ‘जी’ आला! बेत्सालेलचं काय केलं असतं कोण जाणे. बेसाजी, बहुतेक.

प्रश्न (डोंबिवली) : बेझालेल, बेजालेल की बेत्सालेल? इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर झेड दिसतो.

झेड विसरा. मूळ अक्षर त्सादी आहे आणि त्याचा आजचा उच्चार महाराष्ट्रात कुणाला शिकवावा लागू नये. चोर, चाक, चूल म्हणताना जीभ जिथे टेकते, तोच हा आवाज. मी हिब्रूचे वर्ग घेते तेव्हा इतर प्रांतांतून आलेले विद्यार्थी त्सादीवर आठवडाभर अडखळतात. मराठी घरातला मुलगा मात्र पहिल्या दिवशी ‘चूल’ म्हणतो आणि सुटतो. अडचण एवढीच की आपल्या लिपीत दोन्ही ‘च’ना एकच अक्षर. बेचालेल लिहिलं तर लोक ‘चिमणी’तला च वाचतील. म्हणून मी ‘त्स’ लिहिते. आघात शेवटच्या ‘एल’वर. काटेकोर बोलायचं तर ‘बे-त्सल-एल’, ‘एल’च्या आधी किंचित थांबून. रोजच्या बोलण्यात तो थांबा कुणी पाळत नाही. घरात हाक मारताना तर नुसतं ‘त्साली’.

प्रश्न (अहिल्यानगर) : आमच्या मराठी बायबलात निर्गमच्या पुस्तकात बसालेल आहे. तोच का हा? त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहाल?

तोच. ग्रीक लिपीत त्सादीला अक्षर नव्हतं, म्हणून जुन्या ग्रीक भाषांतरातही या जागी ‘स’च आहे. त्यामुळे तुमचा बसालेल चुकलेला नाही. तो वेगळ्या वाटेने आलाय इतकंच.

निर्गमच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की यहूदा वंशातल्या हूरचा नातू, उरीचा मुलगा, मी नाव घेऊन बोलावला आहे. त्याच्या अंगी बुद्धी, समज, ज्ञान घातलं आहे. हे सगळं कशासाठी? सोनं, चांदी, पितळ घडवण्यासाठी, रत्नं पैलू पाडून बसवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. ज्या ग्रंथात देवाचा आत्मा संदेष्ट्यांवर उतरतो, त्यात तो एका सुतार-सोनारावर उतरतो, हे मला फार आवडतं. पुढे ३७ व्या अध्यायात तो कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, घडवतो. बाभळीचं लाकूड, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, आतून-बाहेरून शुद्ध सोन्याने मढवलेला. मराठी भाषांतरकारांनी ‘हात’ हे माप ठेवलं ते फार बरं केलं. आपल्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरा आणि मोजा : घरातल्या मोठ्या ट्रंकेएवढा कोश डोळ्यांसमोर येतो. दीपवृक्षही त्याचाच, एका सलग सोन्यातून ठोकून काढलेला.

तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या बेराखोत या भागात त्याची एक गोष्ट आहे. देवाने मोशेला सांगितलं, आधी मंडप (उपासनेचा तंबू), मग कोश, मग भांडी. मोशेने निरोप उलटा दिला : कोश, भांडी, मंडप. बेत्सालेल म्हणाला, माणूस आधी घर बांधतो, मग सामान आत नेतो. तुम्ही म्हणता तसं केलं तर मी घडवलेली भांडी ठेवू कुठे? देवाने मंडप आधी सांगितला असेल. मोशे थक्क झाला. म्हणाला, तू देवाच्या सावलीत होतास की काय, म्हणून तुला कळलं? इथे हिब्रूत शब्द येतात ‘बेत्सेल एल’, म्हणजे त्याचंच नाव. पंडितांनी नावाची फोड कोरडी न सांगता मोशेच्या तोंडी घातली. आणि मुद्दा काय, तर घर बांधणाऱ्याला अक्कल असते, मोठ्या माणसाने उलटं सांगितलं तरी. तालमुदातच दुसरीकडे, सन्हेद्रीनमध्ये, हिशेब मांडून त्याचं तेव्हाचं वय १३ काढलंय!

प्रश्न (पुणे) : हे नाव खरंच दुर्मीळ आहे का, आणि असलं तर का?

दुर्मीळ आहे, पण मेलेलं नाही.

मुळातच ते तुटपुंजं. हिब्रू बायबलात हे नाव दोघांचं. एक हा कारागीर, दुसरा एज्राच्या पुस्तकात परक्या बायका केलेल्यांच्या यादीतला, ज्याच्यावरून कुणी बाळाचं नाव ठेवणार नाही. दावीद राजा होता, एलिया संदेष्टा होता. कारागिराच्या वाट्याला गौरव आला, नामकरणं नाही आली.

टिकलं ते विद्वानांच्या घरांतून. सोळाव्या शतकात इजिप्तमध्ये आणि पुढे जेरुसलेमला रब्बी बेत्सालेल अश्केनाझी झाले. प्रागचे प्रसिद्ध रब्बी महाराल, १६०९ साली वारलेले, त्यांचं पूर्ण नाव यहूदा लोव बेन बेत्सालेल, म्हणजे बेत्सालेलचे चिरंजीव. अश्केनाझींत गेलेल्या नातेवाइकाचं नाव नातवंडाला देतात. तुम्ही वरचं अश्दोदचं पत्र वाचलंत, ते याच प्रथेचं. अशी नावं फॅशनवर जगत नाहीत, कपाटातल्या चांदीच्या भांड्यासारखी पिढीमागून पिढी हातात येतात.

१९०६ साली शिल्पकार बोरिस शात्स यांनी जेरुसलेममध्ये कलाशाळा काढली आणि तिला बेत्सालेल नाव दिलं. स्वतःच्या मुलाचंही तेच ठेवलं, तोही पुढे चित्रकार झाला. शाळा १९२९ मध्ये बंद पडली, १९३५ मध्ये पुन्हा उघडली, आज देशातली अग्रगण्य कला अकादमी आहे. त्यामुळे जेरुसलेमच्या रस्त्यावर ‘बेत्सालेल’ म्हटलं की आधी इमारत आठवते. अलीकडे त्यात अर्थमंत्री बेत्सालेल स्मोट्रिच यांची भर. राजकारण्याचं नाव असलं की निम्मे लोक नाव आवडलं तरी ठेवत नाहीत. आपल्याकडेही वेगळं नाही.

शिवाय आजच्या इस्रायली आईबापांना नोआम, इताय अशी आटोपशीर नावं हवी असतात. यातली थट्टा बघा : बेत्सालेलच्या बापाचं नाव उरी, ‘माझा प्रकाश’. ते आजही गल्लोगल्ली ऐकू येतं. मुलगा मात्र मुख्यतः धार्मिक घरांपुरता उरला.

प्रश्न (निफाड) : आम्ही हिंदू आहोत. अर्थ फार आवडला. मुलाला ठेवलं तर काही हरकत?

हरकत घेणारी मी कोण? पण निफाडहून पत्र आलंय म्हणून सांगते. हिब्रू लिहिताना स्वर बहुधा गाळतात. नाव असं लिहितात : बेत, त्सादी, लामेद, आलेफ, लामेद. फळ्यावर लिहा आणि शेवटची दोन अक्षरं तळहाताने झाका. उरलेल्या तिन्हींचा एक उच्चार ‘बेत्सेल’, सावलीत. दुसरा ‘बात्साल’. बात्साल म्हणजे कांदा. अरबीतही कांदा ‘बसल’च. व्युत्पत्तीने काही नातं नाही, पण शाळेतली मुलं व्युत्पत्ती बघून चिडवत नाहीत. तुमच्या तालुक्यात ती चेष्टा नसून अभिमान ठरेल, हे मान्य.

गंभीरपणे सांगायचं तर पोराला आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर नाव समजावून सांगावं लागेल. हाच अर्थ मराठी-संस्कृत नावांतून सहज मिळतो. आवड पक्की असेल तर खुशाल ठेवा.

प्रश्न (ठाणे) : जुळे आहेत. एकाचं बेत्सालेल ठरलं. दुसऱ्याला जोडीचं काही?

जोडी ग्रंथातच तयार आहे. बेत्सालेलचा जोडीदार कारागीर दान वंशातला, मराठी बायबलात अहलियाब, हिब्रूत ओहोलिआव. बेत्सालेल क्वचित भेटतो, हा त्याहून क्वचित. ‘ओहेल’ म्हणजे तंबू, ‘आव’ म्हणजे बाप. बापाचा तंबू, किंवा बाप हाच तंबू, असं दोन्ही प्रकारे वाचतात. ओहेल हा शब्द पुण्यात तुम्ही पाहिलाही असेल. लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगचं खरं नाव ओहेल डेव्हिड, दावीदचा तंबू. एक सावलीतला, एक तंबूतला. फक्त हाका मारताना आईची दमछाक होईल.